रिमॅप केल्यावर गिअरबॉक्स किती किलोमीटर टिकतो? हेवी क्लच टाकावा का?

विचारणाऱ्यांची गाडी १.० लिटर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल आहे. रोज बाणेर ते चाकण जाणं-येणं. स्टेज वन रिमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून, टॉर्क (इंजिनचा पिळाचा जोर) १७८ एनएमवरून (न्यूटन-मीटर) अडीचशेच्या आसपास न्यायचाय. गिअरबॉक्स किती किलोमीटर काढेल आणि सोबत हेवी क्लच, म्हणजे जास्त टॉर्क पेलणारा, टाकून घ्यावा का, असा प्रश्न आहे.

किलोमीटरचा आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो फेकतोय. आम्ही एकाच आठवड्यात, एकाच माणसाकडून, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या रिमॅप करून घेतल्या होत्या. एक माझी, एक कंपनीतल्या दोस्ताची. त्याचा गिअरबॉक्स दीड लाख ओलांडून गेला तरी गिअर लोण्यासारखे पडतात. माझा रिमॅपनंतर २३ हजारांत गेला. फाइल तीच, टॉर्क तोच, गिअर ऑइलसुद्धा एकाच खोक्यातलं.

मी भोसरीत हीट ट्रीटमेंटच्या कामात १६ वर्षं आहे. गाड्यांचे गिअर आमच्या भट्ट्यांतून जातात. ९२० अंशांच्या आसपास पोलादात कार्बन मुरवायचा, तेलात बुडवायचं, मग हलकं टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत थोडं तापवणं. दाताची वरची जेमतेम मिलिमीटरभर साल ६० एचआरसीच्या (कडकपणाचं माप) घरात कडक होते आणि आतला गाभा चिवट राहतो. साल झिजू नये म्हणून, गाभा झटका खावा म्हणून. त्यामुळे कोणी "कंपनीने गिअरबॉक्स पाप्याचं पितर दिलाय" म्हटलं की माझं डोकं सटकतं. हे वाक्य आमच्या घरात दर गणपतीत निघतं. तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री साडेअकराला लिहायला बसलो ते त्यामुळेच.

माझी गाडी डिझेल हॅचबॅक, पाच गिअरची, कंपनीतून २५० एनएम. नाव सांगत नाही. दोष गाडीचा नव्हता, आणि नाव घेतलं की लोक मूळ मुद्दा सोडून त्यावरच भांडत बसतात. २०१७ च्या दिवाळीत रिमॅप केली, कागदावर ३३० एनएम झाले. खरं सांगतो, पहिले दोन महिने माणूस वेडा होतो. चांदणी चौकातून पाषाणकडे वळताना विनाकारण दुसरा टाकायचो, फक्त पाठ सीटला चिकटावी म्हणून.

२०१९ च्या मे महिन्यात मेव्हण्याचा साखरपुडा होता. मुलगी वाईची. माझ्या गाडीत आम्ही पाच जण: पुढे मेव्हणा आणि मी, मागे ही, सासूबाई आणि हिची मावशी. डिकीत पेढ्यांचे डबे, ओटीचं सामान आणि हार बर्फाच्या पेटीत. निघतानाच मेव्हणा म्हणाला, "दाजी, आज मी चालवतो." नवरदेवाला नाही कसं म्हणणार? किल्ली दिली.

आता बघा, शेजारी बसून मी काय पाहिलं. नवले पुलापासूनच त्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावर. गप्पा मारताना, गाणं बदलताना, टोलला थांबल्यावर, हात तिथेच. आत काय होतं ते ज्याने गिअरबॉक्स उघडा पाहिलाय त्याला माहीत असतं. दांडा आतल्या फोर्कला ढकलतो, फोर्क फिरत्या स्लीव्हच्या खाचेत बसलेला असतो. गिअर पडला की फोर्कने मोकळं राहायचं असतं. तुम्ही हाताचं वजन ठेवलं की फोर्क त्या फिरत्या खाचेवर घासत राहतो. पुणे ते शिरवळ घासला. मी एकदा "हात काढ" म्हणालो. त्याने काढला, आणि खेड शिवापूरला परत ठेवला.

खंबाटकी घाट ज्यांनी केलाय त्यांना माहीत आहे, तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं. लग्नसराईचा रविवार, पुढे ऊस नसला तरी ऊस भरल्यासारखे चालणारे ट्रक. आमची गाडी तिसऱ्यात, वेग पडत पडत ३५ वर आला, आरपीएमचा (इंजिनचे मिनिटाला फेरे) काटा १,३०० वर. मेव्हण्याने काय करावं? पाय तळापर्यंत. गाडी थरथरली, घुमली, आणि टर्बो भरल्यावर निघाली. मी म्हणालो, "अरे, खाली टाक, दुसरा टाक." तो म्हणाला, "दाजी, ओढतेय की!"

ओढतेय की. हे दोन शब्द गिअरबॉक्सच्या तिरडीवर लिहायला हरकत नाही. अहो, ओढणारच ती. डिझेल टर्बोला खालच्या आरपीएमवर टॉर्क असतो म्हणूनच तर लोक डिझेल घ्यायचे. पण चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे १,३०० आरपीएमला सेकंदाला ४३ ठोके. वेगात फिरताना हे ठोके एकमेकांत मिसळून जातात. एवढ्या खाली पूर्ण पाय दिला की प्रत्येक ठोका सुटा, आणि दर ठोक्यामागे जोर जास्त. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं स्प्रिंगा असलेलं जड चाक) त्यातलं बरंच पोटात घेतं, उरलेलं थेट दातांवर. शिवाय साधा हिशोब करा. तिसऱ्याचं गुणोत्तर १.३ आणि दुसऱ्याचं २ धरलं, तर चाकाला तेवढीच ओढ द्यायला दुसऱ्यात इंजिनला ३५ टक्के कमी टॉर्क लागतो. आवाज जास्त येतो म्हणून लोकांना वाटतं गाडीवर जोर पडतोय. उलट आहे. ती गप्प राहून घुमते ना, तेव्हा मार खात असते.

असं त्याने तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा एका वळणावर आवाज आला. फार मोठा नाही. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा, "टक". मग दर फेऱ्याला टक, टक, टक, आणि लगेच खर्रकन काहीतरी चावल्यासारखं. मागून सासूबाई म्हणाल्या, "डबे पडले का रे?" मेव्हण्याने चौथा टाकायचा प्रयत्न केला, जाईना. दुसरा टाकला, गाडी हिसका देऊन थांबली. तुटलेल्या दाताचा तुकडा दुसऱ्या दोन गिअरांच्या मध्ये गेला होता.

नवरदेव, पेढे आणि बायका मागून येणाऱ्या मामांच्या इकोत बसून वाईला गेले. मी राहिलो. जरीचं जॅकेट, मे महिना, घाटाच्या कडेला साडेतीन तास. शिरवळहून फ्लॅटबेड आला. घाट एकेरी, त्यामुळे गाडी चढवून आधी घाट पार करायचा, खाली उतरायचं आणि बोगद्यातून परत पुण्याकडे यायचं. बोगद्यातून जाताना हिचा फोन आला की अंगठ्या घालून झाल्या.

तेव्हापासून मेव्हण्याचं पालुपद एकच: "कंपनीने २५० ला बनवलेला गिअरबॉक्स, तुम्ही ३३० लावले. फुटणारच होता, माझ्या हातात फुटला एवढंच." माझं म्हणणं: "दीड वर्षं ३३० वर चालला, तुझ्या हातात दीड तासात गेला."

तांत्रिक बाजू आधी सांगतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर होईल. गिअरबॉक्सची क्षमता हॉर्सपॉवरमध्ये मोजत नाहीत, टॉर्कमध्ये मोजतात. फोक्सवॅगनच्या घरात मॅन्युअलची नावंच एमक्यू २००, एमक्यू २५०, एमक्यू ३५० अशी असतात, त्या आकड्यावरून साधारण अंदाज येतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी बघून घ्या. कंपन्या स्वतः ही मर्यादा पाळतात. २०१६ साली आपल्याकडे आलेली तीन दारांची पोलो जीटीआय आठवते का? १९२ पीएसची. तेच १.८ लिटर इंजिन बाहेरच्या देशात मॅन्युअलसोबत ३२० एनएम द्यायचं. आपल्याकडे सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिकसोबत आलं, आणि त्या ड्राय क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादा २५०, म्हणून इंजिनलाच २५० वर बांधून ठेवलं. तेव्हा मेव्हण्याच्या बोलण्यात काहीच नाही असं मी म्हणत नाही. तोंडावर म्हणत नाही एवढंच.

पण क्षमतेचा आकडा म्हणजे भिंत नसते की २५१ ला फुटला. पोलादाची थकवणूक असते ती. दाताच्या मुळाशी दर फेऱ्याला वाकवणारा जोर येतो, आणि तो जोर थोडा वाढला तरी आयुष्य कितीतरी पटींनी कमी होतं. आता यात इंजिनचा टॉर्क हा एक भाग झाला. दुसरा भाग झटका, आणि खरा मारेकरी तोच. ३,५०० आरपीएमवर फ्लायव्हील फिरतंय, त्यात साठलेली ताकद आहे, तुम्ही क्लचवरून पाय झटकन सोडला. त्या क्षणी दातावर येणारा टॉर्क इंजिनच्या टॉर्कपेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण फ्लायव्हील एकदम अडवलं जातं. वर पहिल्या गिअरचं साडेतीन आणि फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीची शेवटची गिअर जोडी) साडेतीन धरलं तर ३३० एनएमचे चाकांपाशी ४,००० च्या वर होतात. चाकं सुटली, उडाली, परत रस्ता पकडला, की प्रत्येक पकडीला उलटा घण. एकच चाक चिखलात फिरत राहिलं तर डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) पिनवर तेल पोचत नाही आणि आतले छोटे गिअर पिनला चिकटतात, ते वेगळंच.

जगभर हाच वाद आहे. निसानची जीटी-आर २००७ साली आली, लाँच कंट्रोलवर (जागेवरून जोरात सुटायची सोय) लोकांनी गिअरबॉक्स फोडले, वॉरंटीवरून भांडणं झाली, शेवटी कंपनीने सॉफ्टवेअर बदलून सुटतानाचे आरपीएम खाली आणले. गिअर तेच, सुटण्याची पद्धत बदलली. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्सचा पाच गिअरचा बॉक्स तर काचेचा म्हणून बदनाम आहे, पण रस्त्यावर नीट चालवणाऱ्यांचे तेच बॉक्स वर्षानुवर्षं चाललेत.

आता हेवी क्लच. इथे मला खरं दुखतं.

क्लच हा गिअरबॉक्सचा फ्यूज आहे. झटका फार आला की क्लच घसरतो, जळका वास येतो, तुम्ही शिव्या देता, पण दात वाचतात. हेवी क्लच टाकला की तुम्ही फ्यूजच्या जागी तांब्याची तार लावली. मी ती लावली होती. २०१८ च्या पावसाळ्यानंतर तिसऱ्या-चौथ्यात क्लच घसरायला लागला, तेव्हा मी सिरॅमिक पक (घट्ट पकडणारे ठोकळे) असलेली प्लेट टाकली, ४५० एनएमची. गरज होती ३३० ची. दुकानदाराने विचारलं कोणती, मी म्हणालो सगळ्यात मोठी द्या. आणि त्याच डिसेंबरात लोणावळ्याच्या पलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेलो होतो.

साखरपुड्यानंतर दोन दिवसांनी नाना पेठेत गिअरबॉक्स उतरवला. चाचा म्हणून एक वयस्कर मिस्त्री आहेत, गिअरबॉक्सशिवाय दुसरं काही करत नाहीत. तेल ट्रेमध्ये सोडलं, त्यात सोन्याचा मुलामा उतरल्यासारखी पितळेची चमक, सिंक्रो रिंगांची (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या). ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळासारखा करडा लेप आणि त्यात टोचणारे चार-पाच तुकडे. लेप चालतो, तुकडे चालत नाहीत. तिसऱ्याचे दोन दात मुळापासून गेलेले, तिसरा टवका उडालेला. मेव्हणाही आला होता, बिल अर्धं-अर्धं करायचं ठरलं होतं म्हणून. तो बाहेर रसवंतीपाशी होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलत उभा होता.

चाचांनी एक तुटका दात रॉकेलमध्ये धुतला, चिंधीने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तुटलेल्या बाजूचा एक भाग रव्यासारखा दाणेदार, चकचकीत. हा ताजा, घाटातला. पण उरलेला निम्मा भाग काळपट, गुळगुळीत, तेल मुरलेला, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकात एक गोल रेषा. आमच्या लॅबमध्ये नवीन पोरांना मीच शिकवतो या रेषा वाचायला. तडा एकदा पडतो, मग थांबत थांबत पुढे सरकतो, प्रत्येक थांबा एक रेघ. ही एका दुपारची गोष्ट नसते.

चाचा एवढंच म्हणाले, "हे कालचं नाही, साहेब."

धावपट्टीवर त्या दिवशी मी अकरा वेळा गाडी सोडली होती. ३,५०० वर रेझ, क्लच झटकन, सिरॅमिक प्लेट घट्ट पकडायची, पुढची चाकं टणाटणा उडायची, दुसरा, आणि तिसरा तर ॲक्सिलरेटर न सोडताच. पहिल्या-दुसऱ्यात निदान चाकं फिरून जोर सोडतात. तिसऱ्यात टायर पकडतो आणि सगळा भार दातच घेतो. अकरापैकी कितव्या वेळी पहिला तडा गेला ते देव जाणे.

मेव्हणा आत आला तेव्हा दात माझ्या खिशात होता. बिल ६१ हजार झालं, त्यात जुन्या गाडीतून काढलेला गिअरबॉक्स आला. त्याने ३० हजार दिले. मी घेतले.

तरी माझं मत बदललेलं नाही. अर्धा दात शाबूत होता. साध्या चालवण्यात तो आणखी कदाचित वर्षभर निघाला असता, आणि निदान साखरपुड्याच्या दिवशी तरी गेला नसता.

बरं, तुमच्यासाठी. रिमॅप करायचाच असेल तर करणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: पहिल्या-दुसऱ्या गिअरला टॉर्क कमी ठेवतोस का, आणि २,००० आरपीएमच्या खाली बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) किती देतोस. "सगळीकडे फुल" असं उत्तर आलं तर गाडी घेऊन घरी या. माझ्या फाइलमध्ये पहिल्यापासून सगळं फुल होतं, आणि मला तेव्हा त्याचा अभिमान होता. २५० चा हट्ट सोडा, २२० वर थांबा. रोज बाणेरहून निघून मोशीच्या रांगेत उभं राहणाऱ्याला वरचे ३० एनएम लागणार कुठे आहेत?

क्लच आधी बदलूच नका. घसरायला लागला तर बदला, आणि घेताना टॉर्कपेक्षा थोडीच जास्त क्षमतेची, साध्या ऑरगॅनिक अस्तराची, मध्ये स्प्रिंगा असलेली प्लेट घ्या. सिरॅमिक घेऊन चाकण रस्त्यावर हाफ क्लच करून दाखवा एकदा. गाडी उड्या मारते आणि संध्याकाळी पोटरीत गोळे येतात.

गिअरबॉक्सचं तेल दर ४० हजार किलोमीटरला बदला, "लाइफटाइम" लिहिलेलं असलं तरी. पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) असेल तर जीएल-४ च टाका. जास्त भारी म्हणून जीएल-५ टाकणारे महाभाग आहेत. त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी सिंक्रोचं पितळ खाल्लं जाऊ शकतं. उतारावर न्यूट्रल करू नका. कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे न्यूट्रलमध्ये येणाऱ्या ट्रकांनी काय केलंय ते पुणेकराला सांगायला नको. तो मुद्दा गिअरबॉक्सचा नाही, पण राहवत नाही.

आणि हो, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं: कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाणारे बदल कायद्यात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. वॉरंटी तर विसराच. मला हे सगळं माहीत असून मी केलं होतं, त्यामुळे उपदेश करत नाही.

दुसरा गिअरबॉक्स अजून चालू आहे, ३३० वरच, साध्या क्लचवर. धावपट्टीवर परत गेलो नाही. तो दात आरसी बुकाच्या पाकिटात ठेवलाय. ३० हजार परत केलेले नाहीत. मेव्हणा मराठीत काही वाचत नाही, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. वाचलंच त्याने तर, बाबा, तिसऱ्यात ३५ ला तळापर्यंत पाय दिलास ते चुकलंच होतं, आणि हात अजूनही दांड्यावरच असतो तुझा, परवा सिंहगड रोडला बघितलं मी.